वेखंडाचे दोन वेढे

मागच्या महिन्यात भाची बाळंत झाली, न्यू जर्सीत. आईनं लगोलग बाळगुटीचा डबा भरला. हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, हिरडा, खारीक, बदाम आणि अर्थातच वेखंड. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, वेखंड पोटात अजिबात द्यायचं नाही. आई दुखावली. "अगं, तुम्हा तिघांना वेखंड उगाळूनच वाढवलंय. काय वाईट झालं?"

मला उत्तर देता येईना. मग वाचत बसले.

वेखंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या, तलवारीसारख्या पानांच्या झाडाचं जमिनीखालचं खोड. संस्कृतात ती 'वचा', बोलणे या अर्थाच्या 'वच्' धातूवरून. चरकसंहितेत ती शुद्धीवर आणणाऱ्या औषधांत आहे. सुश्रुतसंहितेत तर बाळाला सोनं, कोष्ठ, मध, तूप यांच्याबरोबर वचा चाटवायला सांगितली आहे. म्हणजे पोर लवकर बोलावं म्हणून जिभेला वेखंड लावायची आईची पद्धत काही तिच्या मनची नाही! गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्टाच्या पुस्तकातही वेखंडावर एक प्रकरण आहे. त्याच शतकात ते तुर्कस्तानातून मध्य युरोपात पोचलं. गंमत म्हणजे तिथल्या झाडाला बीच धरत नाही. माणसांनी कांड्या तोडून लावल्या, तसतसं ते पसरत गेलं.

बी का धरत नाही? कारण त्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. खरी गोष्ट इथूनच सुरू होते. वेखंडाचा उग्र वास त्याच्या तेलाचा, आणि त्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. अमेरिकेतल्या मूळच्या, दोन संचांच्या जातीत ते जवळजवळ नसतंच. युरोपातल्या तीन संचांच्या झाडात थोडं. आशियातल्या चार संचांच्या झाडात मात्र तेलाचा मोठा भाग तेच. भारतात तीन आणि चार, दोन्ही संचांची झाडं सापडतात.

१९६० च्या दशकात अमेरिकेत उंदरांना दीर्घकाळ अन्नातून वेखंडाचं तेल दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या. ते तेल होतं आपल्या जम्मूचं. १९६८ साली तिथे खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आली.

आता आईची बाजूही घेते. उंदरांनी रोज खाल्लेलं तेल आणि सहाणेवरचे दोन वेढे, ही तुलना होत नाही. माणसाला त्यानं कॅन्सर होतो असं काही त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण तीन मुलं धडधाकट वाढली, एवढ्यावरून क्वचित किंवा उशिरा होणारा अपाय दिसणार तरी कसा? बाजारातल्या कांडीवर गुणसूत्रं लिहिलेली नसतात. आणि वेढा हे काही माप नव्हे. सहाण किती खरखरीत, हात किती जड, यावर सगळं.

जुन्या वैद्यांना तिचा जोर ठाऊक होता. तिचं दुसरं नाव 'उग्रगंधा'. ओकारी करवण्यासाठीही ती वापरत. ग्रंथांत तिला गोमूत्रात आणि काढ्यांत शिजवून शुद्ध करायला सांगितलंय. आपण घरोघरी वेढे ठेवले, शोधन मात्र विसरलो.

आणखी एक. धान्यात, पुस्तकांच्या कपाटात आपण वेखंड ठेवतो ना? १९७७ साली 'नेचर' मध्ये निबंध आला होता, की असारोनमुळे किड्यांच्या अंडाशयाची वाढ थांबते. म्हणजे आजीचे शालू ज्या द्रव्यानं राखले, शंका आहे ती त्याच द्रव्यावर.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं." पटलं असं काही म्हणाली नाही हं!

परवा घरी गेले तेव्हा पाहिलं. गुटीच्या डब्यातलं वेखंड तिनं काढलं होतं, मलमलीच्या तुकड्यात बांधलं होतं आणि पणतवंडासाठी शिवलेल्या दुपट्यांच्या गाठोड्यात ठेवलं होतं. कसर लागू नये म्हणून.

असो. तुमच्याकडे वेखंड कुठे असतं? डब्यात, की कपाटात?