हुतूतूची नियमबद्धता: वऱ्हाड, बडोदा आणि जपान

वऱ्हाडच्या पश्चिम सीमेवर, निजामाच्या राज्यातील जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजाच्या टापूत, तसेच उर्वरित मराठी मुलखात, हुतूतू हा खेळ खेळला जाई तो लिखित नियमांवाचून, केवळ रिवाजाच्या आधारे. दम धरून, म्हणजे एका श्वासात शब्दाचा उच्चार न तोडता, प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरावे आणि गडी बाद करून परतावे, हा गाभा समान असला तरी बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करावयाचे याविषयी तीन रीती रूढ होत्या. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला गडी पुन्हा जिवंत होई, ‘गामिनी’त सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसे, तर ‘अमर’मध्ये कोणीही मैदान न सोडता केवळ गुणांची नोंद होई. वेगवेगळ्या रीतींत वाढलेल्या संघांना सामना खेळायचा तर आधी एका रीतीवर एकमत होणे भाग होते. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम छापून अखिल भारतीय स्पर्धा भरवली, ती म्हणूनच या खेळाच्या इतिहासातील निर्णायक घटना मानावी लागते; आजच्या कबड्डीत टिकली ती मुख्यतः संजीवनीची रीत.

अमेरिकेतील बेसबॉल याच वाटेने गेला होता. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये नियम लिहिले आणि धावणाऱ्याच्या अंगावर, आपल्याकडील आबाधुबीप्रमाणे, चेंडू फेकून त्याला बाद करण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. 1872 च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला, आणि पुढे 1896 मध्ये टोकियोच्या ‘इचिको’ या विद्यालयाच्या संघाने योकोहामातील परदेशी रहिवाशांच्या क्लबचा 29–4 असा पराभव केला, तेव्हा हा खेळ जपानी समाजाला आपला वाटू लागला. क्लबांनी नियम दिले, परंतु परक्या भूमीत खेळ रुजवला तो शाळेने, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे.

वऱ्हाडात शिक्षणाची ही बाजू अमरावतीने सांभाळली. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये तेथे स्थापन केलेल्या हनुमान आखाड्यातून, म्हणजेच पुढील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून, व्यायामशिक्षक घडू लागले, आणि मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके युरोपीय प्रेक्षकांसमोर सादर केली. वऱ्हाडातील एका जिल्ह्याच्या गावी उभ्या राहिलेल्या संस्थेचे हे कार्य मराठी क्रीडा-इतिहासात मिळते त्याहून कितीतरी मोठ्या स्थानास पात्र आहे.

कबड्डी जपानमध्ये पोहोचली तीही शिक्षकामार्फतच: आशियाई कबड्डी महासंघाने 1979 मध्ये प्रा. सुंदर राम यांना दोन महिन्यांसाठी तेथे पाठवले, आणि 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत जपानच्या पुरुष संघाने या खेळात कांस्यपदक मिळवले.