२८ ऑगस्ट १८९५ : कॉनेफ यांचा विक्रमी मैल

आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात, क्लेन गावाच्या परिसरात जन्मलेले धावपटू टॉमी कॉनेफ यांनी न्यूयॉर्कजवळच्या ट्रॅव्हर्स आयलंड येथे १ मैल अंतर ४ मिनिटे १५.६ सेकंदांत धावून हौशी धावपटूंमध्ये जागतिक विक्रम केला. आधीचा ४ मिनिटे १७ सेकंदांचा विक्रम इंग्लंडच्या फ्रेड बेकन यांचा होता. कॉनेफ १८८८ मध्ये अमेरिकेत गेले. सप्टेंबर १८९५ मध्ये लंडनच्या क्लबविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये झालेल्या सामन्यात त्यांनी १ व ३ मैलांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्यांचा मैलाचा विक्रम १९११ मध्ये अमेरिकेच्या जॉन पॉल जोन्स यांनी अवघ्या ०.२ सेकंदाने मोडला. पुढे अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या कॉनेफ यांचे १९१२ मध्ये मनिला येथे निधन झाले.