धुक्यात अडकलेली गाठ

१९५७ साली युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी एक पाचेक वर्षांचा मुलगा तपासला. त्याचा जबडा चारही बाजूंनी सुजला होता. थोड्याच दिवसांत जिंजाच्या इस्पितळात तसाच दुसरा चेहरा दिसला. लहानपणी अपघातात एक डोळा गमावलेल्या बर्किट यांनी जे पाहिले ते इतरांच्या दोन डोळ्यांना दिसले नव्हते : हा एकच कर्करोग आहे.

१९६१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह जुन्या फोर्ड गाडीतून सुमारे १०,००० मैल पालथे घातले. नकाशावर उष्ण, दमट, सखल भागाचा पट्टा उमटला. साधारण ५,००० फुटांच्या वर आजार जवळजवळ नव्हताच. मुलूख मलेरियाचा, तेव्हा डासच एखादा विषाणू पसरवत असेल, असा तर्क निघाला. तर्क चुकला, पण कामाला आला.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळात बर्किट यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या राउस विषाणूचा त्यांचा अभ्यास दांडगा. माणसातही असे काही सापडेल, या आशेने ते कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवू लागले. दोन वर्षे हाती काही लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळले आणि नमुना उशिरा पोचला, तोही गढूळ होऊन. जंतूंनी नासला म्हणून दुसऱ्या कोणी मोरीत ओतला असता. एपस्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या! इव्हॉन बार यांनी त्या वाढवल्या, बर्ट अचाँग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची बाजू सांभाळली, पेशींत विषाणू दिसला आणि मार्च १९६४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शोध छापला.

पण जगातले ९० टक्क्यांहून जास्त प्रौढ हा एपस्टाइन-बार विषाणू अंगात बाळगतात. मग गाठ याच मुलांना का?

उत्तराचा मोठा भाग १९८२ मध्ये जनुकांत सापडला. या गाठीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्यावर जाऊन बसतो. पेशीला विभागायला लावणारे ‘मिक’ जनुक त्यामुळे प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी येते आणि तिथल्या सतत चालू राहणाऱ्या यंत्रणेच्या तावडीत सापडते. विभाजन थांबतच नाही. एरवी इतकी बिघडलेली पेशी स्वतःच मरते. सुमारे १,७२,००० अक्षरांचा डीएनए बाळगणारा हा विषाणू तिला तगून राहायला मदत करतो. मलेरिया प्रतिपिंडे बनवणाऱ्या याच प्रकारच्या पेशींना वारंवार डिवचतो, आणि अशा अदलाबदलीची शक्यता वाढते. डासाचा वाटा एवढाच. विषाणू पसरत होता तो लाळेतून, मुले अगदी तान्ही असतानाच.