शिपायाचा धर्म

नवरात्रात देवपुरातील एकवीरेच्या देवळाकडे पहाटेपासूनच माणसांची रीघ लागते. पांझरेच्या काठी जमणाऱ्या या गर्दीस वळण लावण्याकरिता जे पोलीस शिपाई उभे असतात, त्यांच्याकडे निरखून पाहण्याचे कोणास सहसा सुचत नाही. तेही बहुधा देवीचे भक्तच असतात. परंतु देवीकडे पाठ करून गर्दीकडे तोंड करणे हे त्यांचे काम. एका नवरात्रात एक वयस्क हवालदार ओळखीचा निघाला. त्याच्या घराण्यात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत आहे. मी सहज विचारले, की मग पायांतील या बुटांचे काय? तो म्हणाला, "सर, ड्युटीवर बूट सरकारचे. ड्युटी सुटली की ठाण्याच्या दारात काढतो आणि घरी अनवाणी चालत जातो. देवीला ठाऊक आहे." एवढे बोलून तो एका म्हातारीला रांगेतून पुढे सोडण्यास निघून गेला.

हवालदाराने आपल्यापुरता निवाडा केला होता आणि त्यासाठी कोणाकडे अर्जही केला नव्हता. परंतु ज्याचे व्रत ठाण्याच्या दारात काढून ठेवता येत नाही, त्याने काय करावे? हत्यार हाती देऊन ज्यास सरकार चाकरीस ठेवते, त्याच्या धर्माला सरकारने किती जागा ठेवावी, हा प्रश्न आजचा नव्हे. त्याचा आरंभ पोलिसांत नव्हे, पलटणीत सापडतो. कारण कंपनी सरकारच्या अमदानीत किल्ला राखणारा आणि खजिन्यावर पहारा करणारा हे दोघेही शिपाईच म्हणविले जात.

१८०५ सालच्या नोव्हेंबरात मद्रास इलाख्याचा सेनापती सर जॉन क्रॅडॉक याच्या संमतीने एक हुकूम निघाला. शिपायांनी कवाइतीच्या वेळी कपाळी गंध लावू नये, कानांत बाळ्या घालू नयेत, हनुवटी तासावी, मिशा एका ठरावीक घाटाच्या राखाव्यात आणि नव्या तऱ्हेची पगडी घालावी, असे त्यात होते. या पगडीस चामड्याचा तुरा होता. हुकूम काढणाऱ्यांच्या मनात धर्मच्छल होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना केवळ एकसारखेपणा हवा होता. पण गंध पुसणे हिंदूस आणि दाढी काढणे मुसलमानास सारखेच झोंबले, आणि चामड्याने तर दोघांचाही संशय वाढविला. १० जुलै १८०६ रोजी वेलोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. टिपूचे कुटुंबीय तेथे नजरकैदेत असल्यामुळे त्यास राजकारणाचेही खतपाणी मिळाले, ही गोष्ट खरी. शंभराहून अधिक गोरे मारले गेले. अर्काटहून आलेल्या घोडदळाने त्याहून कितीतरी अधिक शिपाई कापून काढले. पुढे हुकूम मागे घेण्यात आला आणि क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलावण्यात आले. दाढी, मिशा आणि पगडी यांपायी एका इलाख्याचा गव्हर्नर आणि सेनापती दोघेही घरी गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

वेलोरनंतर एकोणीस वर्षांनी आमच्या खानदेशात याच प्रश्नास दुसऱ्या बाजूने हात घातला गेला. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे ठाणे केले, तरी सातपुड्यातील व सातमाळ्यातील भिल्ल काही त्यांच्या हाती लागेनात. तेव्हा भिल्लांचीच एक पलटण उभारून तिच्याकडून मुलखाची राखण करावी, ही युक्ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत पुढे आली, आणि १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटावर ते काम सोपविण्यात आले. धरणगाव हे या भिल्ल पलटणीचे ठाणे. तिचे काम मुख्यतः पोलिसांचेच होते. पण येथे अडचण गंधाची वा दाढीची नव्हती, विटाळाची होती. उच्चवर्णीय शिपाई भिल्लास आपल्या बरोबरीस बसवील काय? औट्रमने त्यासाठी हुकूम काढला नाही. स्वतः भिल्लांत वावरला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, आणि मग आपल्या जुन्या पलटणीच्या शिपायांशी त्यांची गाठ घालून दिली. त्या शिपायांनी भिल्लांची हेटाळणी तर केली नाहीच, उलट त्यांना आपल्यात बसवून घेऊन बरोबरीने बोलले, असे त्याने मोठ्या समाधानाने लिहून ठेविले आहे. औट्रमच्या समाधानातून थोडे वजा करूनच ते वाचावे. तथापि धरणगावात जे साधले ते वेलोरला साधले नाही, एवढे निर्विवाद.

मात्र या दोन्ही ठिकाणी सरकारच्या मनात एकच हिशेब होता: माणसे किती सोसतील? धर्माविषयी आदर असो वा नसो, पलटण फुटता कामा नये. सवलत होती ती जमातीला होती. एकट्या शिपायाच्या श्रद्धेस तेथे कोणी विचारीत नव्हते.

पुढे १८६१ च्या कायद्याने पोलिसांची घडी बसविली आणि पोलीस अंमलदार हा सदैव कामावर आहे असे समजावे, असे कलमच घातले. आपल्याकडे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानेही (आज त्यास महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) २८ व्या कलमात तेच कायम केले. धर्माच्या दृष्टीने या कलमाइतके जाचक दुसरे नाही, असे मला वाटते, आणि आश्चर्य हे की त्याविषयी कोणी वाद घालीत नाही. ज्या दिवशी सर्वांचा सण, त्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त. गौरी घरी बसलेल्या असतात आणि घरधनी विसर्जनाच्या मार्गावर दोरखंड धरून उभा असतो. रोजा सोडण्याची वेळ होते आणि शिपाई चौकात वाहने अडवीत असतो. रजेचा हा प्रश्न दाढीच्या प्रश्नाहून शतपट माणसांना भिडतो. पण रजा नाकारली म्हणून कोणी उच्च न्यायालयात जात नाही.

सरकार पोलिसांच्या खांद्यावर धर्म चढवितेही. मुंबईस माहीमच्या मखदूम अली माहिमी यांच्या उरुसात पहिली चादर वाहण्याचा मान पोलिसांचा असतो, आणि ती नेणारा अधिकारी बहुधा हिंदू असतो. दसऱ्यास ठाण्याठाण्यांतून शस्त्रपूजन होते. १९६६ च्या एका केंद्रीय कायद्याने पोलिसांना परवानगीवाचून संघटनेत जाण्यास मनाई केली, परंतु निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या वा धार्मिक स्वरूपाच्या संस्था त्यातून वगळल्या. म्हणजे शिपायाने पगारासाठी संघ काढू नये. भजनी मंडळ खुशाल काढावे!

आता त्या शिपायाकडे वळू, ज्याचा धर्म बुटांप्रमाणे दारात काढून ठेवण्याजोगा नव्हता. राज्य राखीव पोलीस बलातील (याचाच सहावा गट आमच्या धुळ्यास आहे) एका मुसलमान शिपायास २०१२ साली, दाढी कापून नीटनेटकी ठेवावी या अटीवर, ती राखण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. त्याने दाढी उतरविली नाही, तेव्हा शिस्तभंगाची कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश खेहर यांनी त्यास सहानुभूतीने सुचविले, की धार्मिक प्रसंगापुरती दाढी ठेवावी, एरवी काढावी आणि कामावर रुजू व्हावे. तात्पुरती दाढी ही कल्पना इस्लामात नाही, असे सांगून त्याच्या वकिलांनी ते नाकारले. एकवीरेच्या दारातील हवालदाराने जी तडजोड आपखुषीने केली, तीच येथे न्यायासनावरून सुचविली गेली आणि ती स्वीकारता आली नाही. यात शिपायाचा हट्ट पाहणारे पुष्कळ भेटतात. मला ते तितके सोपे वाटत नाही. अनवाणी चालण्यास रात्र पुरते. दाढीस रात्र पुरत नाही.

अशा खटल्यांत न्यायालये जी कसोटी लावतात तिचा उगम १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात आहे: अमुक आचार त्या धर्माचे आवश्यक अंग आहे काय? २०१६ च्या डिसेंबरात हवाई दलातील एका मुसलमान सैनिकाचे अपील असेच फेटाळले गेले. ज्यांचा धर्म केस कापण्यास वा दाढी करण्यास मना करतो त्यांनाच नियमाने सूट होती. त्यामुळे शीख त्यात बसले, हा बसला नाही. पण न्यायाधीशाने आधी धर्मशास्त्री व्हावे आणि मग निवाडा करावा, ही अपेक्षाच विचित्र आहे. आपल्याच धर्मात कोणते व्रत आवश्यक आणि कोणते ऐच्छिक यावर दोन शास्त्री एकमताचे सापडत नाहीत. घटनेच्या ३३ व्या कलमाने सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. तथापि उपरोक्त १९६६ च्या कायद्यात दाढी वा गंध यांविषयी अवाक्षर नाही.

अमेरिकेतील नेवार्क शहराच्या पोलिसांचा १९९९ चा निकाल मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. तेथेही दोन सुन्नी मुसलमान अंमलदारांना दाढीची मनाई होती, आणि कारण तेच, एकसारखेपणाचे. परंतु ज्यांना वस्तऱ्याने त्वचेचा विकार होतो त्यांना खात्याने दाढीची मुभा दिलेली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारले ते इतकेच, की वैद्याच्या चिठ्ठीने जो एकसारखेपणा बिघडत नाही तो श्रद्धेने कसा बिघडतो? दाढी इस्लामचे आवश्यक अंग आहे की नाही, या वादात न्यायालय शिरलेच नाही. त्याने खात्याला त्याच्या स्वतःच्या कामाविषयी प्रश्न केला, आणि खात्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या शिपायाच्या बाबतीतही हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारता आला असता: परवानगी असलेल्या महिन्यांत त्याच्या हातून कोणते काम बिघडले होते?

ते प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सरन्यायाधीशांपुढे आले. तत्पूर्वी लोकअदालतीत तडजोडीचा एक यत्न होऊन फसला होता.