हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

निजामी अमलातील उस्मानाबाद जिल्ह्यात मुलाच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या गृहस्थापुढे सरकारी मदरसा, त्याची उर्दू, पुढे 1918 साली हैदराबादेस निघालेले उस्मानिया विद्यापीठ आणि शेवटी एखाद्या कचेरीतली कायम नोकरी असा राजमार्ग आखलेला असताना, लोहाऱ्यानजीकच्या हिप्परगा या आडगावी 1921 साली, असहकाराच्या भरात, सरकारी आश्रयाबाहेर उघडलेल्या राष्ट्रीय शाळेत पोर धाडावे असे काही पालकांना वाटले, हे त्या काळी धाडसच म्हटले पाहिजे. साधनांचे दारिद्र्य तेथे उघड होते. वैभव होते ते गुरुजनांचे. ना. म. जोशी यांच्या मजूर चळवळीत घडलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच संन्यासानंतरचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी. 1935 साली स्वामीजी मोमिनाबादेस (आजच्या अंबाजोगाईस) गेले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले.

हिप्परग्याचा हा धडा विसरून आज महाविद्यालयांची माहितीपत्रके स्मार्ट बोर्डांची संख्या ठळक छापतात आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागांविषयी मौन पाळतात (हे मौन मला अधिक बोलके वाटते). केवळ खडू-फळा असलेले महाविद्यालय निवडताना विद्यार्थ्याने संकोचू नये. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तेथे कोण शिकवते, ते मात्र अवश्य विचारावे.