डोक्याने परतवलेले चेंडू

जॅक चार्लटन हे इंग्लंडचे उंच बचावपटू. वरून येणारा चेंडू डोक्याने परतवणे हे त्यांचे रोजचे काम. खाणकामगाराचा हा मुलगा १९५३ मध्ये लीड्स युनायटेडकडून पहिला सामना खेळला आणि १९७३ पर्यंत दुसऱ्या क्लबकडे गेलाच नाही. देशाच्या संघात मात्र तिशीच्या उंबरठ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, विश्वविजेते झाले!

२०२० मध्ये ८५व्या वर्षी ते गेले. लिम्फोमा होता आणि स्मृतिभ्रंशही. त्याच संघातल्या रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅकचे धाकटे भाऊ बॉबी यांनाही स्मृतिभ्रंशाने गाठले.

एवढ्यावरून हेडरला दोष देता येत नाही. पण ग्लासगोच्या संशोधकांनी ७६७६ माजी स्कॉटिश खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांपेक्षा सुमारे साडेतीन पट निघाले (हृदयविकाराचे कमी, हेही सांगायला हवे). २०२१ मध्ये खेळण्याच्या जागेनुसार पाहिले, तेव्हा या आजारांचा धोका बचावपटूंत सर्वाधिक, जवळपास पाचपट होता. गोलरक्षकांत ठळक वाढ दिसली नाही.

“मग मुलाचा फुटबॉल बंद करू का?” असे पालक विचारतात. खेळू द्या. लहान वयात हेडरचा सराव तेवढा नको. इंग्लंडनेही प्राथमिक शाळेच्या वयात तो २०२० पासून थांबवला आहे.