कारावेल

फ्रान्समध्ये तयार झालेले एका मार्गिकेचे प्रवासी जेट विमान. पहिले उड्डाण २७ मे १९५५ रोजी तुलूझ येथे. १९५९ पासून नियमित सेवा. दोन रोल्स-रॉइस एव्हॉन इंजिने पंखांखाली न टांगता शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही बाजूंना बसवली होती. त्यामुळे पंख सुटसुटीत राहिले आणि केबिनमधला आवाज कमी झाला. मागच्या रांगांतल्या प्रवाशांना मात्र हा फायदा मिळाला नाही. नाकाचा भाग ब्रिटिश कॉमेट विमानाच्या आराखड्यावरून घेतलेला. खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी, आणि शेपटीखालून उघडणारा स्वतःचाच जिना, म्हणजे छोट्या विमानतळावर शिडीगाडीची वाट पाहणे नको. सुरुवातीच्या विमानांत उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी शेपटीतून पॅराशूटही उघडत.

इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये कारावेल आणून देशांतर्गत प्रवासात जेटयुग सुरू केले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या कारावेलचे इंजिन उड्डाणानंतर लगेच फुटले. इंधननळी तुटून आग लागली, विमान परतताना नियंत्रण सुटले आणि ९५ जण मृत्युमुखी पडले. उत्पादन तोवर थांबलेलेच होते. बोइंग ७२७ आणि डीसी-९ यांच्यापुढे कारावेल मागे पडले. एअर फ्रान्सने ते १९८१ मध्ये सेवेतून काढले.